न उघडलेला लखोटा

प्रेमसंबंध तुटल्यानंतर मनुष्य जे जे मागतो त्यांत एक मागणी अशी असते की ऐकणाऱ्याला ती अत्यंत माफक वाटते आणि मागणाऱ्यालाही आपण काही गैरवाजवी मागत आहोत अशी शंका कधी शिवत नाही. परत ये असे तो म्हणत नाही, दोष देत नाही, भरपाई मागत नाही. एकदा, फक्त एकदा, समोरासमोर बसून काय झाले ते मला कळू दे, म्हणजे मी माझ्या वाटेने जाईन, एवढेच त्याचे म्हणणे असते. आजची तरुण मंडळी याला 'क्लोजर' म्हणतात, त्यांच्या आज्या-पणज्या 'एकदाचा सोक्षमोक्ष' म्हणत असत, आणि दोन्ही पिढ्यांच्या मनात गृहीत एकच असते, ते हे की या दुःखाचा शेवट सोडून गेलेल्या माणसाच्या हाती आहे आणि त्याने मनावर घेतले तर तो आपल्याला मिळेल. हे गृहीतच मला चुकीचे वाटते, आणि त्यापायी कितीतरी भल्या माणसांची उमेदीची वर्षे निव्वळ प्रतीक्षेत गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर ऊहापोह करावा असे मनात आहे. ज्यांना ही प्रतीक्षा करावी लागली त्यांच्याशी घाईने बोलणे हा त्यांच्या दुःखाचा अनादर होईल.

त्या बहुप्रतीक्षित शेवटच्या भेटीचेच उदाहरण घ्या. भेट ठरते ती बहुधा पूर्वी कधी न गेलेल्या एखाद्या हॉटेलात, कारण नेहमीच्या जागी जाण्याचे बळ दोघांतही नसते. जिला सोडून दिले गेले आहे ती वेळेच्या बरीच आधी येऊन बसते; त्याला आवडणारा रंग आज अंगावर असू नये म्हणून घरी दोनतीन साड्या बदलून झालेल्या असतात, आणि शेवटी अंगावर असतो तो तोच रंग. चहा येतो, बोलण्याला सुरुवात कोणी करावी या संकोचात त्यावर साय धरते, रात्ररात्र जागून मनाशी पाठ केलेले प्रश्न ऐन वेळी आठवत नाहीत, आणि तो जेव्हा मान खाली घालून म्हणतो, "तुझं काहीच चुकलं नाही गं, माझंच चुकलं," तेव्हा ज्या वाक्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता ते वाक्य प्रत्यक्ष कानी पडूनही तिला काही मिळाल्यासारखे वाटत नाही. उठताना बिल कोणी द्यायचे यावरून क्षणभर जुनीच ओढाताण होते, आणि त्या क्षणात सारे पूर्ववत झाल्याचा भास होतो. घरी पोहोचेपर्यंत त्याच्या एकेका शब्दावर नवे भाष्य सुरू झालेले असते: 'माझंच चुकलं' म्हणताना त्याचा आवाज का कापला, चुकले म्हणजे सोडून जाण्यात चुकले की आधी जवळ येण्यात चुकले, आणि निघताना त्याने मागे वळून पाहिले ते कशासाठी? जी भेट शेवटची म्हणून मागितली होती तीच आता पुढच्या भेटीचे कारण होऊन बसते.

असे होते याचे कारण मागणाऱ्याचा अप्रामाणिकपणा नसून त्याच्या प्रश्नाचे स्वरूप आहे. 'का?' हा प्रश्न वरवर पाहता माहितीचा प्रश्न दिसतो, परंतु जगातील कोणत्याही माहितीने तो शमत नाही. घरच्यांचा विरोध होता असे उत्तर आले, तर मग तू त्यांच्याशी भांडला का नाहीस असा प्रश्न उभा राहतो; मन उडाले म्हणावे, तर ते कोणत्या दिवशी उडाले आणि त्या दिवसानंतरचे तुझे हसणे-बोलणे खरे होते की खोटे, याची चौकशी सुरू होते; दुसरे कोणी आयुष्यात आले म्हणावे, तर त्या व्यक्तीत असे काय आहे जे माझ्यात नव्हते, या प्रश्नाने आगीत तेल पडते. वस्तुतः ही फिर्याद असते आणि ती प्रश्नाच्या वेषात आलेली असते. फिर्यादीला उत्तर लागत नाही, निवाडा लागतो. आणि इथे निवाडा कोणाकडून मागितला जातो, तर ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे त्याच्याचकडून. कोणत्याही दिवाणी अदालतीने जे मान्य केले नसते ते आपले दुखावलेले मन बिनदिक्कत मान्य करते, प्रतिवादीलाच न्यायासनावर बसवते, आणि तो निकाल देत नाही म्हणून वर्षानुवर्षे त्याच्या दाराशी तिष्ठत राहते.

अदालतीचा उल्लेख आला आहे तर कायद्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपल्या समाजात संबंधाची अखेर करण्याचे विधी नव्हते असे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पंचांसमक्ष काडी मोडून नवराबायको एकमेकांपासून मोकळी होत. सोडचिठ्ठी, फारकत हे जातपंचायतीच्या रोजच्या व्यवहारातले विषय होते, आणि जी तथाकथित वरिष्ठ कुळे या रिवाजाकडे तुच्छतेने पाहत त्यांच्यातल्या स्त्रीला मात्र मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्यापर्यंत आणि पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत ही साधी सुटका उपलब्ध नव्हती. 1976 साली त्या कायद्यात कलम 13-ब घालण्यात आले आणि परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला: किमान एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि मग सहा महिन्यांची मुदत जाऊ देऊन पुन्हा न्यायाधीशासमोर आपला निश्चय सांगायचा. मला या मुदतीच्या कल्पनेत मोठे शहाणपण दिसते, जरी सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ती मुदत प्रत्येक प्रकरणी सक्तीची नाही असे ठरवले असले तरी. परंतु कायदा बंद करतो ते खाते त्यानेच उघडलेले असते. नाव, निर्वाह, मुलांचा ताबा, घराचे हप्ते यांची वासलात लागते. हुकूमनाम्याची नक्कल हाती पडते. आणि कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्या उतरून रिक्षात बसलेल्या माणसाला कळून चुकते की ज्याचा शेवट व्हावा असे वाटत होते ते अजून जसेच्या तसे छातीत आहे. ज्यांचे प्रेम लग्नापर्यंत गेलेच नाही त्यांना तर हा कागदही मिळत नाही.

मानसशास्त्राकडे वळावे तर तिथे ब्लूमा झायगार्निक या विदुषीचे नाव हमखास पुढे येते. बर्लिन येथे कुर्ट लेविनच्या हाताखाली काम करताना तिने 1927 साली असे प्रतिपादन केले की पुरी झालेली कामे मनुष्य विसरतो आणि मध्येच तोडलेली कामे त्याच्या स्मरणात अधिक टिकून राहतात. पुढच्या प्रयोगांत या निष्कर्षाला सर्वत्र दुजोरा मिळाला नाही. तरीही तुटलेल्या प्रेमाच्या चर्चेत तो वारंवार सांगितला जातो, आणि त्यातून असे सुचवले जाते की काम पुरे करा म्हणजे मन शांत होईल. माझा आक्षेप इथे आहे. कोडे सोडवणे किंवा मण्यांची माळ ओवणे या कामांना स्वभावतःच एक शेवट असतो, तो गाठला की काम पुरे होते. प्रेमाला असा कोणता शेवट आहे, की जो गाठण्याआधी ते तोडले गेले म्हणून आपण ते अपुरे म्हणावे? पन्नास वर्षे संसार करून एकजण गेला तरी मागे राहिलेल्याला ते अपुरेच वाटते. प्रेम पुरे होत नसते, ते चालू असते किंवा थांबते. आणि जे थांबले त्याला समाप्तीचा अध्याय लिहिण्याचा हट्ट धरणे म्हणजे नसलेल्या गोष्टीचा शोध घेणे होय. त्यापेक्षा फ्रॉइडने 1917 साली शोकाविषयी जे लिहिले ते मला अनुभवाला अधिक धरून वाटते: शोक करणारे मन एकेक स्मृती आणि एकेक आशा पुढे घेते, तिची वास्तवाशी रुजुवात घालते आणि मग तिला सोडते, आणि हे काम इतके कष्टाचे असते की त्याला वेळ लागणारच. ते ज्याचे त्यालाच करावे लागते. सोडून गेलेला माणूस त्यात मदतनीस होऊ शकत नाही.

या सर्व विचाराला पुरावा म्हणून मला एकच चरित्र पुरेसे वाटते, आणि ते कोपनहेगनच्या सोरेन किर्केगार्ड या तत्त्वज्ञाचे आहे. 1840 च्या सप्टेंबरात, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याने रेगीने ओल्सेन या 18 वर्षांच्या मुलीला मागणी घातली आणि तिने ती स्वीकारली. वर्षभरात, 1841 च्या ऑगस्टमध्ये, त्याने वाङ्‌निश्चयाची अंगठी परत पाठवली. रेगीने मुकाट बसली नाही. तिने विनवण्या केल्या, त्याच्या बिऱ्हाडी जाऊन येशूच्या आणि त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे गळ घालणारी चिठ्ठी ठेवली. तेव्हा त्या विलक्षण माणसाने काय केले? आपण दुष्ट आहोत, उथळ आहोत, आपल्याला तिची पर्वा नाही असे सोंग त्याने आणले, अशा हेतूने की तिला त्याचा तिटकारा यावा आणि तिने सुखाने मोकळे व्हावे. म्हणजे सोक्षमोक्ष मागणाऱ्या व्यक्तीला जे हवे असते, एक स्वच्छ, निःसंदिग्ध कारण, ते त्याने तिला दिले. फक्त ते खोटे होते. ऑक्टोबरात संबंध कायमचा तोडून तो बर्लिनला निघून गेला.

आणि मग उरलेले सारे आयुष्य तो स्वतःच त्या कारणाच्या शोधात राहिला. ज्याने सोडले तो मोकळा झाला आणि जी सोडली गेली ती अडकली, असा आपला सरधोपट समज असतो. परंतु इथे जाणारा अडकला होता. 1843 च्या ईस्टरला चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तिने दुरून त्याच्याकडे पाहून मान हलवली, तर त्या एका हालचालीचा अर्थ विनवणी की क्षमा, हे कोडे त्याने रोजनिशीत घालून ठेवले. त्याने शिसवीचे एक कपाट मुद्दाम बनवून घेतले होते. तुमच्याजवळ राहायला मिळत असेल तर मी एखाद्या लहानशा कपाटातही राहीन असे ती कधीकाळी म्हणाली होती, म्हणून त्या कपाटाला आत फळ्या बसवू दिल्या नाहीत. त्यात तिच्या आठवणीच्या वस्तू होत्या, आणि टोपणनावाने लिहिलेल्या त्याच्या ग्रंथांच्या उंची कागदावर छापलेल्या प्रती होत्या, त्याही दोनच, एक तिच्यासाठी आणि एक आपल्यासाठी. ते बिनफळ्यांचे कपाट डोळ्यांपुढे आणले की मला त्याच्या पांडित्याचा विसर पडतो आणि केवळ एक शोकमग्न मनुष्य दिसतो.

दरम्यान रेगीनेने 1847 साली योहान फ्रेडरिक श्लेगेल या सरळ, सुस्वभावी गृहस्थाशी लग्न केले होते. 1849 मध्ये तिचे वडील वारले, आणि किर्केगार्डला वाटले की आता खरे काय ते सांगण्याची वेळ आली. त्याने तिच्या नावचे पत्र एका मोहोरबंद लखोट्यात घातले आणि तो लखोटा तिच्या नवऱ्याकडे पाठवला, सोबत अशी विनंती करून की तुम्हाला उचित वाटले तरच तिला द्या. श्लेगेलने तो लखोटा न उघडता परत पाठवला. कित्येकांना श्लेगेल या ठिकाणी कोरडा वाटतो. मला तो बरोबर वाटतो. आठ वर्षांनी येणारे स्पष्टीकरण पाठवणाऱ्याच्या मनावरचा भार उतरवण्यासाठी असते, आणि तो भार घेण्याचे बंधन कुणावर नसते.

पुढे श्लेगेलची नेमणूक डॅनिश वेस्ट इंडीजचा गव्हर्नर म्हणून झाली आणि 1855 च्या मार्चमध्ये ती दोघे तिकडे निघाली. निघण्याच्या दिवशी रेगीने घराबाहेर पडली, रस्त्यात किर्केगार्डला गाठले, आणि हलक्या आवाजात ईश्वर त्याचे कल्याण करो एवढा आशीर्वाद देऊन पुढे गेली. तो एक पाऊल मागे सरला आणि त्याने टोपी उचलून अभिवादन केले. 'का' असे तिने विचारले नाही, उत्तराची वाटही पाहिली नाही. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला तो वारला आणि आपली सारी मालमत्ता तिच्या नावे ठेवून गेला. तिने ती नाकारली, आणि आपली पत्रे व थोड्या किरकोळ वस्तू तेवढ्या मागून घेतल्या. चौदा वर्षांत हजारो पृष्ठे लिहूनही त्याला जे साधले नाही ते तिने एका वाक्यात केले, कारण त्या वाक्यात मागणी नव्हती.

आता एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवतो, नाहीतर माझे म्हणणे सोडून जाणाऱ्याच्या पथ्यावर पडेल. सोक्षमोक्ष दुसऱ्याकडून मिळत नाही याचा अर्थ दुसऱ्यावर काही कर्तव्यच उरत नाही असा नव्हे. संबंध संपला आहे, हे निखळ शब्दांत सांगणे एवढे ऋण प्रत्येक जाणाऱ्यावर असतेच. उत्तरे देणे हळूहळू कमी करायचे, फोन उचलायचा नाही, एके दिवशी नंबर ब्लॉक करून टाकायचा आणि समोरच्याने काय समजायचे ते समजावे अशी अपेक्षा करायची, हा जो प्रकार आज सर्रास चालतो तो मला क्रूर वाटतो. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलीन बॉस यांनी दाखवून दिले की मृत्यूपेक्षाही अनिश्चितता मनाला अधिक गोठवते, कारण मेलेल्याचा शोक करता येतो, बेपत्ता झालेल्याचा शोक करणे म्हणजे त्याच्याशी द्रोह वाटतो. जो न सांगता नाहीसा होतो तो मागे राहिलेल्याला याच अवस्थेत ढकलतो. म्हणून जाणाऱ्याने सांगावे, समक्ष सांगावे, आणि दयेपोटी आशेला जागा ठेवणारे गुळमुळीत शब्द वापरू नयेत. मात्र जिथे मारहाण होती, धाक होता, पाळत होती, तिथून निघून जाणाऱ्या व्यक्तीवर हे ऋणही नाही. तिने मागे न पाहता जावे.

दुसरी एक गोष्ट माझ्या मते याहून अधिक महत्त्वाची आहे. दुःख आटोपण्याच्या घाईत पुष्कळ माणसे भूतकाळाचे दप्तरच बदलून टाकतात. ते प्रेम नव्हतेच, मला फसवले गेले, मी आंधळी होते, असा निकाल लावला की क्षणभर हलके वाटते, आणि जवळचे लोकही प्रेमापोटी याच निकालाला दुजोरा देतात. फसवणूक झालेलीच असेल तर तसे म्हणावे. परंतु जिथे दोन माणसांनी काही काळ एकमेकांवर खरोखर माया केली आणि मग एकाची माया आटली, तिथे आटण्याआधीचे दिवस खोटे ठरत नाहीत. तापात कोणी रात्रभर उशाशी बसले होते, नोकरीच्या पहिल्या पगारातून कोणी साधेसे घड्याळ आणून मनगटावर बांधले होते. हे घडले होते, आणि पुढे काय झाले याने ते न घडलेले होत नाही. भूतकाळ खोटा पाडून मिळवलेली शांती महाग पडते, कारण मग स्वतःच्या पारखीवरचा विश्वासही तिच्याबरोबर जातो.

मग शेवट करायचा कसा? मला याचे उत्तर आपल्याच एका विधीत सापडते. दहाव्या दिवशी नाशिकला रामकुंडावर, पुण्यात ओंकारेश्वरापाशी, वाईला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडून माणसे कावळ्याची वाट पाहत बसतात. कावळा शिवत नाही, तेव्हा गेलेल्याचे काय राहिले असेल याचा विचार सुरू होतो. धाकट्याचे शिक्षण आम्ही करू, घर विकणार नाही, अशी वचने हात जोडून दिली जातात. एवढे करूनही तो आला नाही, ऊन चढू लागले, तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला शिववतात, आणि विधी पुरा होतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते की ज्याची आपण वाट पाहतो तो येईलच असे नाही, आणि तो आला नाही म्हणून जिवंत माणसांना घाटावर कायमचे बसवून ठेवता येत नाही. वाट पाहावी, मनापासून पाहावी, आणि एका मर्यादेनंतर आपल्या हाताने दर्भ वळावा. तुटलेल्या प्रेमातही कधीतरी हेच करावे लागते. पत्र लिहावे आणि पाठवू नये. वस्तू परत कराव्यात किंवा नीट बांधून माळ्यावर ठेवाव्यात. अमुक दिवसानंतर मी विचारणार नाही असे स्वतःला सांगावे आणि पाळावे. हा शेवट कृत्रिम आहे हे मला मान्य आहे. दर्भाचा कावळाही कृत्रिमच असतो, आणि घाटावरची माणसे तो मान्य करून घरी जातात.

परंतु घाटावर मनुष्य एकटा नसतो. भाऊबंद सोबत असतात, दहा दिवस सुतक असते, त्या काळात त्याच्याकडून कोणी कामाची अपेक्षा करत नाही, शेजारून पिठलेभात येतो. प्रेम तुटलेल्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. आपल्याकडे प्रेम बहुधा घरापासून चोरून केलेले असते, म्हणून त्याचे दुःखही चोरून करावे लागते. मुलगी रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि सकाळी डबा घेऊन ऑफिसची लोकल पकडते, आणि डोळे का सुजले असे विचारले तर सर्दी झाली म्हणून सांगते. केनेथ डोका यांनी 1989 साली, समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाची मीमांसा केली आणि असा शोक लांबतो, चिघळतो, हे दाखवले. मान्यता देणारे कोणी भेटले नाही की माणूस ती मान्यता मागायला पुन्हा त्याच एका माणसाकडे जातो, ज्याला सारे ठाऊक आहे. आणि तो माणूस म्हणजे सोडून गेलेला. शेवटच्या भेटीचा हट्ट कित्येकदा इथूनच उपजतो.

म्हणून माझे सांगणे आईबापांना, भावंडांना आणि मित्रमैत्रिणींना आहे. घरातले कोणी असे मुके झालेले दिसले तर त्याला विचारा. कोण होते, कोणत्या जातीचे होते याची उलटतपासणी नको, फक्त काय झाले ते ऐका, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच सांगू लागले तरी ऐका. 'विसरून जा' म्हणू नका. आणि तिचे डोळे अजून सुजलेले असताना, मन रमेल म्हणून, घाईघाईने स्थळे पाहायला लागू नका.